या चुका टाळा: लेझर इंटरफेरोमीटर, गुरुत्वीय लहरी आणि आपली घाई

डिसेंबर उजाडला की माझ्या फोनवर एकाच छापाचे मेसेज सुरू होतात. "सर, इंटरफेरोमीटर बनवलाय, बघायला याल का?" "सर, लायगोचा डेटा उतरवला पण काहीच दिसत नाहीये." आणि दर वर्षी एक तरी असतोच, "सर, मला वाटतं आइनस्टाईनच्या थिअरीत गडबड सापडली." इंटरफेरोमीटर म्हणजे लेझर दोन वाटांनी पाठवून अंतरातला बारीक फरक मोजणारं यंत्र. लायगो म्हणजे अमेरिकेतलं तसलंच पण अवाढव्य यंत्र, गुरुत्वीय लहरी, म्हणजे अवकाशाचंच हलकं ताणणं-आकसणं, पकडणारं. मी राहतो ठाण्यात, नोकरी रबाळे एमआयडीसीत, मापनयंत्रं कॅलिब्रेट करायची, आणि सुट्टीच्या दिवशी नवी मुंबईतल्या बीएस्सी-एमएस्सीच्या पोरांचे प्रोजेक्ट बघून देतो, फुकट, चहावर. पोरं बदलतात, चुका त्याच. म्हणून एकदाचं लिहून टाकतो, पुढच्या वेळी कोणी विचारलं की हेच पाठवीन.

टेबलावर गुरुत्वीय लहर पकडायला निघणं

आधी हिशोब करा, मग आरसे विकत घ्या. १४ सप्टेंबर २०१५ ला जी पहिली लहर सापडली तिचा ताण (लांबी मूळच्या किती पटीत बदलली ते) अगदी शिखराला होता साधारण १० चा उणे २१ वा घात. म्हणजे लायगोच्या ४ किलोमीटरच्या भुजेत (प्रकाशाच्या एका वाटेत) फरक पडला ४ गुणिले १० चा उणे १८ वा घात मीटर, प्रोटॉनच्या व्यासाच्या साधारण चारशेव्या भागाएवढा. आणि तुमची भुजा आहे ३० सेंटिमीटर. तिथे हाच फरक होतो ३ गुणिले १० चा उणे २२ वा घात मीटर. शांत रात्री, सगळं नीट जमलं तर तुमचा फोटोडायोड (उजेड मोजणारा सेन्सर) एखाद्या नॅनोमीटरपर्यंत वाचेल. कमी किती पडतं? तीन लाख कोटी पट आणि वर थोडं. हे वाक्य मी प्रत्येक ग्रुपला पहिल्या दिवशी म्हणतो, सगळे मान डोलावतात, आणि महिन्याभराने पोस्टरवर "गुरुत्वीय लहरींचा शोध" असं छापून आणतात.

टेबलावरचा मायकेल्सन, म्हणजे हाच इंटरफेरोमीटर, वाईट नाही, उलट शिकायला त्याच्यासारखं यंत्र नाही, फक्त तो शिकवतो नॉइज, नको असलेला गोंगाट. प्रकाश दोन वाटांनी पाठवायचा, परत एकत्र आणायचा आणि फ्रिंज (उजेड-अंधाराचा पट्टा) सरकली का बघायचं, एवढंच काम. एक आरसा अर्ध्या तरंगलांबीने हलला, म्हणजे हेलियम-निऑनच्या ६३२.८ नॅनोमीटरला ३१६ नॅनोमीटर, की एक पूर्ण फ्रिंज सरकली. आता विचार करा, तुमच्या बिल्डिंगमध्ये ३१६ नॅनोमीटर न हलणारं काय आहे? काहीच नाही. आणि याच कारणावरून पुढचा किस्सा.

नेरूळ साइडच्या एका कॉलेजातला चार जणांचा ग्रुप. सेटअप चांगला होता खरं तर, फ्रिंज स्वच्छ, फोटोडायोड नीट, डेटा लॅपटॉपवर जायचा. त्यांनी काय केलं, तर कोडमध्ये ट्रिगर लावला, सिग्नल एका पातळीच्या वर गेला की तेवढा एक सेकंद सेव्ह करायचा आणि बाकी सगळं फेकून द्यायचं, कारण म्हणे लॅपटॉपची हार्ड डिस्क भरते. आठवड्याने ग्रुपलीडरचा फोन, आवाज कापत होता, "सर चर्प आलाय." चर्प म्हणजे वर वर चढत जाणारा सूर, दोन कृष्णविवरं धडकताना येणाऱ्या लहरीची खूण. मी गेलो. स्पेक्ट्रोग्राम (वेळेनुसार वारंवारता दाखवणारं चित्र) बघितला आणि खरंच, खाली काही हर्ट्झपासून सुरू होऊन सेकंदाच्या आत वर वर चढत जाणारी वक्र रेघ, अगदी तो २०१५ चा प्रसिद्ध फोटो असतो ना, तशीच दिसायला. तो खरा होता ३५ पासून २५० हर्ट्झपर्यंत, २०० मिलिसेकंदांत. यांचा ४८ हर्ट्झच्या आसपास संपत होता. आणि यांनी त्यावरून चर्प मास (धडकणाऱ्या जोडीचं, चर्पवरून काढायचं वस्तुमान) पण काढून ठेवलं होतं! वारंवारता आणि ती वाढण्याचा वेग सूत्रात टाकले, सूत्र काय बिचारं, आकडे टाकले की उत्तर देतं, त्यांना कृष्णविवरांची वस्तुमानं मिळाली. पोस्टरचा ड्राफ्ट तयार. असे "कॅंडिडेट" त्यांच्याकडे डझनभर.

मी विचारलं, वेळा कुठे आहेत? फाइलच्या नावात होत्या. सगळ्या सकाळी सातच्या आधी नाहीतर संध्याकाळी सहाच्या सुमाराला. आता मला सांगा, कृष्णविवरं रोज पावणेसातला धडकतात का? आणि आकाशातलं काही रोज रोज येत असेल तर ते घड्याळाप्रमाणे रोज जवळपास ४ मिनिटं लवकर यायला पाहिजे, कारण ताऱ्यांचा दिवस आपल्या दिवसापेक्षा तेवढा छोटा असतो. हे घड्याळाला चिकटून बसलं होतं, म्हणजे माणसांचं काहीतरी.

ग्रुपलीडर ऐकेना. मग मी म्हटलं चल खाली. लॅब तळमजल्यावर, भिंतीपलीकडे पंपाची खोली. वॉचमन काकांना विचारलं, पंप कधी लावता? "पाणी आलं की लावतो, सकाळी पावणेसात, संध्याकाळी सहा, टाकी भरली की बंद." मोटरच्या पाटीवर आरपीएम लिहिलेला, २८८०. भागिले ६०, बरोबर ४८. मोटर चालू झाली की शून्यापासून सेकंदाच्या आत ४८ फेऱ्या प्रति सेकंदावर जाते, हा त्यांचा चर्प. आणि त्यानंतर टाकी भरेपर्यंत ४८ वरच राहते, पण तो भाग यांनी बघितलाच नव्हता कारण एक सेकंद सेव्ह करून बाकी फेकला होता. खरी धडक असती तर वर चढून विझून गेली असती. पूर्ण दहा मिनिटांचा डेटा ठेवला असता तर शाळेतल्या पोराने पण सांगितलं असतं की ही मोटर आहे.

प्रोजेक्टचं नाव बदलून "पंपाच्या कंपनांचं इंटरफेरोमीटरने मापन" केलं, जे माझ्या मते आधीच्यापेक्षा शंभर पटीने चांगलं प्रोजेक्ट होतं. ग्रुपलीडर माझ्याशी महिनाभर नीट बोलला नाही.

तर माझी सवय सांगतो, पद्धत वगैरे काही नाही. सतत डेटा ठेवायचा, फेकायचा नाही, पेनड्राइव्ह काय सोन्याचा मिळत नाही. टेबलाशेजारी एक साधी वही, तिच्यात लिफ्ट, पंप, एसी, शेजारच्या वर्गाची बेल, कोण आलं कोण गेलं, सगळं वेळेसकट. सोबत एक मोबाइल टेबलावर उपडा ठेवून त्याचा ॲक्सेलरोमीटर रेकॉर्ड करायचा. सिग्नल दोन्हीकडे दिसला तर तो सिग्नल नाही. मोठ्या लायगोत पण हेच करतात, फक्त वहीऐवजी भूकंपमापक, मायक्रोफोन, मॅग्नेटोमीटर असे ढिगाने सेन्सर. लायगोचे डिटेक्टर दोन, लिव्हिंग्स्टन आणि हॅनफर्ड. लिव्हिंग्स्टनला जवळून जाणारी मालगाडी आणि जंगलातली लाकूडतोड त्रास देते. हॅनफर्डला तर एकदा तहानलेले डोमकावळे पाइपवरचा बर्फ टोचत होते आणि ती टकटक डेटात उतरली. ज्यांना कावळा सापडतो त्यांचीच लहर पण खरी धरायची, माझं साधं मत आहे.

आणखी एक सवय, जरा दुष्ट. मी पोरांच्या नकळत खोटा सिग्नल घालतो. कधी टेबलावर टिचकी, कधी फाइलमध्येच बनवलेला चर्प. राग येतो त्यांना. पण लायगो आणि त्याचा युरोपातला जोडीदार विर्गो यांनी २०१० मध्ये आपल्याच लोकांवर हा प्रयोग केलाय, मोजक्या तिघाचौघांना माहीत, बाकी शेकडो लोकांनी महिनोन्‌महिने विश्लेषण करून पेपर लिहून तयार ठेवला, आणि मार्च २०११ मध्ये पाकीट उघडलं तर सिग्नल घातलेला निघाला. तिथले लोक चिडले नाहीत, मग तुम्ही कशाला चिडता.

यंत्रातल्या चुका, भराभर

बाथरूमचा आरसा वापरू नका. त्याचा चकाकणारा थर काचेच्या मागे असतो, पुढच्या काचेवरून वेगळं परावर्तन येतं आणि फ्रिंजवर भुताटकी फ्रिंज बसते. पुढच्या पृष्ठभागावर थर असलेलाच आरसा घ्या, महाग आहे, असू दे.

हिरवा पॉइंटर वापरू नका. स्वस्तातल्या हिरव्या पॉइंटरमधून न दिसणारा इन्फ्रारेड पण बाहेर पडतो आणि त्यावर छापलेल्या मिलिवॉटवर विश्वास ठेवायचा काही संबंध नाही. डोळे दोनच आहेत. शिवाय त्याची फ्रिंज टिकत नाही. लाल डायोड चालेल, पण दोन्ही भुजा जवळपास सारख्या ठेवा आणि चालू करून अर्धा तास हात लावू नका. तो अर्धा तास कोणालाच सहन होत नाही, पाच मिनिटांत रीडिंग घ्यायला सुरुवात, मग लेझर तापताना मोड उडी मारतो, म्हणजे तरंगलांबी एकदम बदलते, आणि पोरं म्हणतात "सर अचानक फ्रिंज पळाली".

परत येणारा बीम लेझरच्या तोंडात जाऊ देऊ नका, किंचित तिरका करा.

फोटोडायोड सगळ्यात उजळ जागी लावून बसू नका. उजेडाच्या शिखरावर चढ सपाट असतो, आरसा थोडा हलला तरी प्रकाशात काही फरक पडत नाही. अर्ध्या उजेडावर या. (लायगो उलट जवळजवळ अंधारावर बसतं, पण त्याची कारणं वेगळी आहेत, त्यांची नक्कल करू नका.)

एसी. यावर मी जरा जास्त बोलणार, कारण बंद करा म्हटलं की पोरं माझ्याकडे असं बघतात जणू मी जेवण बंद करायला सांगितलं. ॲल्युमिनियम एका अंशाला लाखात २.३ भाग वाढतं. ३० सेंटिमीटरच्या भुजेला ते जवळपास ७ मायक्रोमीटर, म्हणजे २० च्या वर फ्रिंज. दोन्ही भुजा सारख्याच तापल्या तर ते बरंचसं कटतं, पण एसीचा झोत एकाच भुजेवर असेल तर कसं कटणार? हवा वेगळीच, ३० सेंटिमीटर जाऊन-येऊन एका अंशाला साधारण एक फ्रिंज. काँप्रेसर चालू-बंद होतो त्या तालावर तुमचा ग्राफ डुलतो, आणि मग कोणीतरी येऊन सांगतं की याला पिरिऑडिसिटी आहे. अहो असणारच.

मी काय करतो: टाइल्सच्या दुकानातून किचन ओट्याचा उरलेला कडप्प्याचा तुकडा आणायचा, शंभर-दोनशे रुपयांत देतात, कधी कधी असाच देतात. त्याच्या खाली स्कूटरची जुनी ट्यूब, अर्धीच हवा भरून, पूर्ण भरली तर घट्ट होते आणि मग काही उपयोग नाही, बोटाने दाबल्यावर दबली पाहिजे. वर सगळ्या सेटअपला थर्मोकोलचा खोका उपडा. हसू नका, मायकेल्सन आणि मॉर्ले यांनी १८८७ मध्ये दगडाची लादी पाऱ्यावर तरंगवली होती, आपण ट्यूबवर तरंगवतो, पारा नको तुमच्या वयात. लायगोचे ४० किलोचे आरसे एकाखाली एक अशा चार लंबकांवर टांगलेले असतात, कल्पना तीच, जमिनीशी नातं तोडायचं.

आणि रात्री दोन ते चार रीडिंग घ्या. लोकल बंद, ठाणे-बेलापूर रोडचे ट्रेलर कमी. ठाण्यात घोडबंदर रोडला लागून राहत असाल तर माझी सहानुभूती आहे, दुसऱ्या मित्राचं घर बघा. पावसाळ्यात समुद्र खवळला की जमिनीत ०.१ ते ०.३ हर्ट्झची हळू थरथर वाढते, ती टेबलावर सहसा दिसत नाही पण मोठ्या डिटेक्टरना लॉक (आरशांची नेमकी पकड) सोडायला लावते, एवढं माहिती असू द्या, व्हायवाला विचारतात.

व्हायवावरून आठवलं, एक्स्टर्नलचा आवडता प्रश्न: "लहर आली की अवकाश ताणलं जातं, मग प्रकाशाची तरंगलांबी पण ताणली जाणार, मग मोजपट्टीच ताणली गेली तर फरक कळतो कसा?" आणि पोरं गप्प. उत्तर असं की प्रकाश भुजेत फार काळ राहत नाही. आरशांमध्ये तीनेकशे वेळा परावर्तन होऊन १२०० किलोमीटर झाले तरी ते ४ मिलिसेकंद, आणि १०० हर्ट्झच्या लहरीला एक फेरा घ्यायला १० मिलिसेकंद लागतात. लेझर सतत ताजा प्रकाश सोडतोय, त्याची वारंवारता लेझरने ठरवलेली, या ताज्या प्रकाशाला लांब झालेली भुजा पार करायला जास्त वेळ लागतो आणि तो उशिरा येतो. आपण लांबी मोजत नाही, पोचायची वेळ मोजतो. एवढंच बोला आणि थांबा, पुढे वाढवू नका.

डेटा उतरवून थेट ग्राफ काढणं

ज्यांना आरसे-बिरसे नको ते लायगोचा खुला डेटा उतरवतात. चांगली गोष्ट आहे, पैसा लागत नाही, पायथन शिकून होतं. पण मग चॅटबॉटकडून घेतलेला कोड चालवतात आणि सांगतात "काही दिसत नाही". दिसणार कसं, कच्च्या डेटात कमी वारंवारतेची जमिनीची हालचाल सिग्नलच्या शेकडो पट मोठी आहे. आधी व्हाइटनिंग (सगळ्या वारंवारतांचा नॉइज एका पातळीवर आणणं), मग साधारण ३५ ते ३५० हर्ट्झचा बँडपास (तेवढाच पट्टा ठेवणारा फिल्टर), मग ग्राफ. आणि व्हाइटनिंग केल्यावर दोन्ही टोकांचा थोडा थोडा भाग फेकून द्या, तिथे कचरा असतो.

एफएफटी म्हणजे डेटातल्या वारंवारता वेगळ्या करणारा हिशोब, त्याच्या आधी विंडो लावा, म्हणजे तुकड्याची दोन्ही टोकं हळूहळू शून्यावर आणा. लावाच. एफएफटी असं धरून चालतं की डेटाचं शेवटचं टोक पहिल्याला जोडलेलं आहे, ते जुळत नसेल तर तिथे पायरी तयार होते आणि त्या पायरीचा चिखल सगळ्या वारंवारतांवर उडतो. ही बारीकसारीक गोष्ट नाही. २०१७ मध्ये कोपनहेगनच्या एका गटाने म्हटलं की दोन डिटेक्टरच्या उरलेल्या नॉइजमध्येच नातं दिसतंय, म्हणजे शोधावरच शंका. खूप गाजलं. लायगोच्या एका शास्त्रज्ञाने तपासून दाखवलं की फेजमधलं जे नातं दिसत होतं ते विंडो न लावल्याने पण येतं. मोठमोठ्या लोकांचं हे होतं, तर तुमच्या टेलिग्रामवर फिरून आलेल्या नोटबुकचं काय सांगावं.

बाकीच्या एक-एक ओळीत घेतो. अमेरिकेत मेन्स (घरातली वीज) ६० हर्ट्झचा आहे, आपल्या लॅबच्या सवयीने हॅनफर्डच्या डेटाला ५० हर्ट्झचा नॉच (तेवढी वारंवारता गाळणारा फिल्टर) लावणारे दर वर्षी दोन तरी भेटतात. ५०० हर्ट्झच्या आसपासच्या टोकदार रेषा म्हणजे आरसे टांगलेल्या तारांचा सूर, शोध नाही. १० हर्ट्झच्या खाली काही शोधू नका, तिथे कॅलिब्रेशनच दिलेलं नाही. फाइलमध्ये मधे मधे आकडेच नसतील तर डिटेक्टर तेव्हा बंद होता, तिथे शून्य भरून "सिग्नल गायब" असं लिहू नका. जीपीएस वेळ म्हणजे यूटीसी नाही, २०१५ च्या सप्टेंबरात १७ सेकंदांचा फरक होता आणि आता १८ चा. पहिली घटना यूटीसीनुसार ०९:५०:४५ ला, आपल्याकडे दुपारचे तीन वीस, जीपीएस ११२६२५९४६२. फिल्टर एकाच दिशेने चालवला तर सिग्नल उशिरा सरकतो, पुढे-मागे दोन्हीकडून चालवा, कारण लिव्हिंग्स्टन आणि हॅनफर्डमधला सगळा फरकच मुळी ७ मिलिसेकंदांचा आहे. आणि हॅनफर्डचा ग्राफ उलटा करायचा असतो, डिटेक्टरची दिशा तशी आहे. हे विसरून "दोन डिटेक्टर जुळत नाहीत" असं मला रात्री साडेअकराला फोन करून सांगणारा एक महाभाग होता, कळव्याचा.

ग्लिच (यंत्रातला क्षणभराचा गोंगाट) दिसला की घटना टाकून देऊ नका पण. १७ ऑगस्ट २०१७ च्या न्यूट्रॉन ताऱ्यांच्या धडकेच्या वेळी लिव्हिंग्स्टनला धडकेच्या साधारण सेकंदभर आधी भला मोठा ग्लिच होता, म्हणून आपोआप चालणाऱ्या यंत्रणेने पहिल्यांदा फक्त हॅनफर्डचंच नाव घेतलं. माणसांनी डोळ्यांनी बघितलं तेव्हा ग्लिचच्या आरपार जाणारी चर्पची रेघ स्पष्ट दिसत होती. पोरांना मी तो स्पेक्ट्रोग्राम लॅपटॉपवर काढायलाच लावतो.

आइनस्टाईनला चुकीचं ठरवायची घाई

इथे माझं डोकं फिरतं. कोपरखैरण्याची एक एमएस्सीची मुलगी, हुशार, हिशोब पक्का. हीच २०१७ ची घटना घेतली. लहर आली, त्यानंतर १.७ सेकंदांनी गॅमा किरणांचा स्फोट. ज्या दीर्घिकेत हे घडलं ती १३ कोटी प्रकाशवर्षांवर. तिने भागाकार केला.

"सर, १.७ सेकंद भागिले १३ कोटी वर्षं, फरक येतो ४ गुणिले १० चा उणे १६ वा घात. म्हणजे गुरुत्व प्रकाशापेक्षा जोरात जातं. सापेक्षता मोडली ना?"

"अगं, गॅमा किरण निघाले कधी?"

"धडकेच्या वेळी."

"कोणी बघितलं?"

गप्प. मग मी म्हटलं, पनवेलला दोन गाड्या मिनिटाच्या फरकाने पोचल्या म्हणून कुठली जोरात धावली हे सांगता येतं का, ठाण्याहून सुटल्या किती वाजता ते नको कळायला? तारे आदळले, मग त्यातून जेट फुटायला, वर येऊन चमकायला वेळ लागतो, किती ते नेमकं ठाऊक नाही. लहर पकडणाऱ्या लोकांनी पेपरमध्ये केलं काय ते बघ. एका टोकाला धरलं की दोन्ही एकदम सुटले, मग गुरुत्व जास्तीत जास्त ७ गुणिले १० चा उणे १६ वा घात इतकंच जोरात असू शकतं. दुसऱ्या टोकाला धरलं की गॅमा किरण १० सेकंद उशिरा सुटले, मग गुरुत्व जास्तीत जास्त ३ गुणिले १० चा उणे १५ वा घात इतकं हळू असू शकतं. अंतर पण त्यांनी मुद्दाम कमीत कमी धरलं, म्हणजे मर्यादा सैलच राहील, उगाच घट्ट नाही. तुझा ४ चा आकडा या पट्ट्याच्या आत पडतो आणि शून्य पण आत पडतं. मोडलं काहीच नाही.

तिला जरा वाईट वाटलं, पण तिने मग जे केलं ते मला आवडलं. १० सेकंदांच्या जागी १००, हजार असे आकडे घालून मर्यादा किती सैल होते त्याचा ग्राफ काढला. हजार सेकंद घातले तरी मर्यादा साधारण ४ गुणिले १० चा उणे १३ वा घात एवढ्यावरच येते, अजून भयानक घट्ट. हे तिच्या स्वतःच्या हाताने निघालं, माझ्या सांगण्याने नाही.

याच घटनेवरून दुसरं टोक पण गाठतात लोक, "आइनस्टाईन सोडून सगळे सिद्धांत मेले". नाही हो. मेले ते ज्यांच्यात आजच्या विश्वात लहरीचा वेग प्रकाशापेक्षा वेगळा येतो, डार्क एनर्जीच्या जागी आणलेले बरेच त्यात गेले, गॅलिलिऑनचे काही प्रकार वगैरे. ब्रान्स-डिके, एफ-आर हे पर्यायी सिद्धांत त्या परीक्षेत जसेच्या तसे पास होतात कारण त्यांच्यातही वेग तोच येतो. त्यांना दुसऱ्या परीक्षा आहेत. तसंच ग्रॅव्हिटॉनचं (गुरुत्वाचा मानलेला कण), "वस्तुमान शून्य सिद्ध झालं" असं लिहू नका, सध्या वरची मर्यादा आहे, १० चा उणे २३ वा घात इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास. मर्यादा आणि मूल्य यातला फरक ज्याला कळत नाही त्याने एवढ्यात सिद्धांतांच्या नादी लागू नये, आधी मल्टिमीटरच्या रीडिंगची एरर लिहायला शिकावं.

टेम्प्लेट (सिद्धांताप्रमाणे यायला हवी ती लहर) वजा करून उरलेल्यात काहीतरी दिसलं, की "विचलन". अरे बाबा, उरलेला नॉइज आहे, त्यात काहीतरी दिसणारच. तो कोड तसाच्या तसा दुसऱ्या हजार तुकड्यांवर चालव, जिथे काही घडलेलं नाही तिथे. तिथे पण तसंच "विचलन" येतं का बघ आणि किती वेळा येतं ते मोज. २०१५ च्या सिग्नलचा आत्मविश्वास असाच आला होता, एका डिटेक्टरचा डेटा दुसऱ्याच्या तुलनेत परत परत सरकवून खोट्या जुळण्या किती येतात ते मोजलं, आणि मग म्हटलं की इतकी जोरदार खोटी जुळणी २ लाख ३ हजार वर्षांत एकदासुद्धा नाही. हे करायला चार ओळींचा लूप लागतो आणि लॅपटॉप रात्रभर चालू ठेवावा लागतो. पोरांना ती रात्र नको असते.

२०१६ च्या शेवटी प्रतिध्वनी सापडल्याचा दावा आला होता, धडकेनंतर कृष्णविवराच्या कडेवरून येणारे पडसाद, जवळपास ३ सिग्मा (योगायोग नसल्याची खात्री मोजायचं माप). खरं असतं तर क्षितिजाची कल्पनाच बदलावी लागली असती. दुसऱ्या गटांनी जास्त डेटा घेऊन पार्श्वभूमी नीट मोजली तर त्यातलं वजन उतरलं. दावा करणारे काही येडे नव्हते, रीतसर पेपर होता. म्हणून म्हणतो, ३ सिग्मा बघून घरी फोन करू नका.

फक्त दोन लायगोंच्या डेटावरून लहरीचं ध्रुवीकरण (ती कुठल्या दिशेने ताणते ते) सांगू नका, ते दोघं जवळजवळ एकाच दिशेत बसवलेत, त्यातून ते कळत नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये विर्गो तिसरा आला तेव्हा कुठे पहिली बरी परीक्षा झाली. औंढा नागनाथचा आपला लायगो-इंडिया सुरू झाला की हे आणखी सोपं होईल (२०२३ च्या एप्रिलमध्ये केंद्राने २६०० कोटी मंजूर केलेत, तिथे नोकरी लागेल का हे मला विचारू नका, मला माहीत नाही).

खरंच सिद्धांत तपासायचा असेल तर मोठा सिग्नल घ्या. पहिल्या घटनेचं सिग्नल-नॉइज गुणोत्तर होतं २४. जानेवारी २०२५ च्या जीडब्ल्यू२५०११४ चं आहे ८० च्या आसपास. तिच्यावर हॉकिंगचा क्षेत्रफळाचा नियम (कृष्णविवरांचं एकूण क्षेत्रफळ कमी होत नाही) तपासला, दोन कृष्णविवरांचं मिळून सुमारे २ लाख ४० हजार चौरस किलोमीटर, धडकेनंतरच्या एकाचं ४ लाख, म्हणजे वाढलंच. पण पोरं परत परत २०१५ चीच घेतात, कारण तिचा तयार कोड मिळतो.

आणि शेवटचं, हे मागच्याच आठवड्यात परत आलं. "सर, पेपरमध्ये एकूण वस्तुमान ६५ सूर्य आणि माझ्या फिटमध्ये ७१ येतंय, सहा सूर्यांचा फरक, याचा अर्थ काय?" याचा अर्थ रेडशिफ्ट. विश्व प्रसरण पावतंय, सिग्नल ताणून येतो, डिटेक्टरजवळ वस्तुमान फुगलेलं दिसतं, १ अधिक झेड पटीने. २०१५ च्या या घटनेचं झेड, म्हणजे रेडशिफ्टचा आकडा, आहे ०.०९. ७१ भागिले १.०९ कर आणि मला परत फोन करू नको.